सॅम्पल घेण्याआधी प्रश्न विचारणारं सेंटर: कॅटॅलिस्ट टेस्टिंगचा माझा तीन वर्षांचा अनुभव

नमस्कार, मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करतेय. विषय आहे उसाच्या बगॅसपासून (चोथ्यापासून) फरफ्युरल नावाचं रसायन काढायचं, आणि त्यासाठी लागणारा कॅटॅलिस्टपण (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) बगॅसच्याच कोळशाचा करायचा. आमच्या कॉलेजात भट्टी आहे, व्हॅक्यूम ओव्हन आहे, टायट्रेशनचं, म्हणजे ॲसिड मोजायचं, सगळं सामान आहे, प्रेशरखाली तापवायचा १०० मिलीचा एक ऑटोक्लेव्हसुद्धा गाईड सरांच्या प्रोजेक्टमधून आलाय, पण कॅटॅलिस्टच्या आत काय चाललंय ते दाखवणारी जी मोठी मशीनं असतात त्यातलं एकही नाही. त्यामुळे सॅम्पल बाहेर पाठवायचं, पैसे भरायचे, रिपोर्टची वाट बघायची, हे तीन वर्षं चालू आहे. आमच्यासारखे असे शेकडो जण असणार म्हणून हा रिव्ह्यू सविस्तर लिहितेय.

रिव्ह्यू एका विद्यापीठातल्या कॅटॅलिसिस सेंटरच्या टेस्टिंग सर्व्हिसचा आहे. तिथे एकाच बिल्डिंगमध्ये केमिस्ट्री, फिजिक्स, केमिकल इंजिनिअरिंग, मायक्रोबायोलॉजी अशा सगळ्या डिपार्टमेंटची माणसं बसतात आणि बाहेरच्या कॉलेजांची, कंपन्यांची सॅम्पल पण घेतात. नाव मुद्दाम टाकत नाहीये. मागे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तिथल्या मॅडमचा नंबर दिला होता आणि त्यांना आठवडाभर रात्री दहा दहा वाजेपर्यंत फोन येत राहिले, तो त्रास त्यांना परत द्यायचा नाही. सरकारी पैशातून घेतलेली बरीच मशीनं आय-स्टेम पोर्टलवर दिसतात, कुठलं मशीन कुठे आहे ते तिथे शोधता येतं, तुम्हाला जवळचं सेंटर सापडेल. मी सांगतेय ते कुठल्याही सेंटरला सॅम्पल पाठवताना उपयोगी पडेल.

आधी मी कुठे पाठवत होते ते सांगते, नाहीतर या सेंटरचं कौतुक का करतेय ते कळणार नाही. पहिली दोन वर्षं माझी सगळी सॅम्पल एका खाजगी लॅबला जायची. रेट परवडणारा, रिपोर्ट आठ दिवसांत ईमेलवर, कुरियरवाला कॉलेजच्या गेटवर येऊन पुडी घेऊन जायचा, म्हणजे सोय एकदम चांगली. त्यांच्या वेबसाइटवर फॉर्म होता, त्यात सॅम्पलचं नाव, कोणती टेस्ट, किती सॅम्पल, जीएसटी नंबर, संपलं. कोणी कधी फोन केला नाही की हे सॅम्पल नक्की आहे काय.

माझा कॅटॅलिस्ट असा बनतो: बगॅस धुवून वाळवायचा, फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवून ४५० अंशाला कोळसा करायचा, तो धुवून मग १५० अंशाला सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवायचा, की कोळशाला सल्फोनिक ॲसिडचे गट चिकटतात. कामाची जागा म्हणजे हेच गट. साखरेचा कोळसा करून त्याला असं सल्फोनेट करायची आयडिया जपानी संशोधकांनी २००५ मध्ये नेचरमध्ये छापली होती, बायोडिझेलसाठी, आणि तेव्हापासून जगभर लोक कशाकशाचा कोळसा करून हे करतायत. आपल्याकडे तर कारखान्याच्या आवारात बगॅसचे डोंगर असतात.

तर सल्फोनेशन झालं की सरफेस एरिया कमी यायला पाहिजे, कारण कोळशाच्या बारीक भोकांत हे गट जाऊन बसतात. माझ्या रिपोर्टमध्ये सल्फोनेशनच्या आधीचा आणि नंतरचा आकडा जवळजवळ सारखाच आला, साधारण ९०० चौरस मीटर प्रति ग्रॅम. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं, म्हणजे एका ग्रॅम काळ्या पावडरीत जवळजवळ सात मैदानं, आकडा म्हणून तो छानच. पण गाईड सर म्हणाले की अगं सल्फोनेशन झालेलंच नाहीये. मी परत केलं. परत तोच आकडा. ॲसिड बदललं, तास वाढवले, चार वेळा केलं, त्यात आख्खी दिवाळीची सुट्टी आणि पुढचं अर्धं सेमिस्टर गेलं, आरआरसीला, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीला, प्रोग्रेस रिपोर्ट द्यायची वेळ आली आणि हातात काही नाही. टायट्रेशनमध्ये ॲसिड दिसत होतं पण मशीनचा रिपोर्ट वेगळं सांगत होता, आणि आपण लहान गावातली माणसं मशीनच्या रिपोर्टवर जास्त विश्वास ठेवतो.

याच वेळी एका कॉन्फरन्समध्ये कोणीतरी या सेंटरबद्दल सांगितलं. फॉर्म डाउनलोड केला तर चार पानांचा. पहिल्यांदा वैतागच आला, कारण त्यात विचारलंय की सॅम्पल कशापासून केलंय, किती अंशापर्यंत टिकतं, आधी कुठल्या तापमानाला वाळवलंय, त्यात ऑरगॅनिक गट आहेत का, गंधक, क्लोरीन, पारा आहे का, पाण्याशी, हवेशी काही होतं का, आणि शेवटी एक मोठा रिकामा चौकोन: या टेस्टमधून तुम्हाला नेमकं काय ठरवायचंय? हा चौकोन मी रिकामाच सोडला होता. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. मी वर्गात होते, बाहेर येऊन घेतला.

त्यांचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, तुमचं सॅम्पल मी किती अंशाला डीगॅस करू?"

मला उत्तर माहीत नव्हतं, कारण दोन वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि एवढं नीट मला कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. सरफेस एरिया मोजायची टेस्ट म्हणजे बीईटी, त्यात सॅम्पल लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला थंड करायचं आणि नायट्रोजन वायूचे रेणू पृष्ठभागावर किती बसतात ते मोजायचं, एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो असं धरून एकूण जागा काढायची. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी १९३८ मध्ये ही पद्धत दिली, तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं म्हणजे बीईटी. पण नायट्रोजन बसायच्या आधी भोकांत आधीच बसलेलं पाणी, हवा सगळं काढावं लागतं, म्हणून सॅम्पल व्हॅक्यूममध्ये गरम करतात, तेच डीगॅसिंग. झिओलाइट, म्हणजे बारीक भोकांचं खनिज, असेल तर ३०० अंशाला बिनधास्त करतात, त्याला काही होत नाही. कोळशावरचे सल्फोनिक गट मात्र दोनशेच्या वर गेलं की सुटायला लागतात. मॅडम म्हणाल्या, आधीच्या लॅबला विचारा त्यांनी किती अंशाला केलं.

विचारलं. ३०० अंश, रात्रभर. सगळ्यांचं तसंच करतात म्हणे.

म्हणजे मी चार वेळा सल्फोनेशन करून पाठवलं आणि चारही वेळा त्यांनी ते गट मशीनला लावायच्या आधीच उडवून टाकले आणि उरलेल्या साध्या कोळशाचा सरफेस एरिया मला छापून दिला. मशीनमध्ये दोष नव्हता, आकडापण बरोबर होता, तो माझ्या कॅटॅलिस्टचा नव्हता एवढंच. सेंटरने १२० अंशाला बारा तास डीगॅस करून तेच सॅम्पल मोजलं तर ५८० आलं. माझं पहिलंच सल्फोनेशन व्यवस्थित झालेलं होतं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

रिपोर्टसोबत त्यांनी आख्खा प्लॉट दिला आणि कुठल्या प्रेशरच्या रेंजमधले पॉइंट घेतले तेपण लिहून दिलं. हे महत्त्वाचं आहे, बघा. पुस्तकात रेंज ०.०५ ते ०.३० दिलेली असते आणि बरेच जण डोळे मिटून तीच घेतात, पण माझ्यासारखा अगदी बारीक भोकांचा कोळसा असला की ती रेंज चालत नाही, त्यात सी नावाचा जो कॉन्स्टंट येतो तो निगेटिव्ह येऊ शकतो, आणि निगेटिव्ह सी ला काही अर्थच नसतो, आकडा चुकीचा आहे हे तिथेच कळतं. तुमच्या जुन्या रिपोर्टमध्ये सी ची किंमत आज एकदा बघा. दिलेलीच नसेल तर मागून घ्या.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे माझा या लोकांवर पक्का विश्वास बसला. मी अमोनिया टीपीडी पण लावली होती, ॲसिडिटी मोजायला. पैसे भरून झाले होते. मॅडमनी सांगितलं की ही टेस्ट तुमच्या सॅम्पलला करू नका. का, तर टीपीडीत सॅम्पलला अमोनिया चिकटवतात आणि मग पाचशे-सहाशे अंशापर्यंत गरम करत किती अमोनिया सुटतो ते डिटेक्टर मोजतो, पण त्या डिटेक्टरला कुठला वायू आलाय ते ओळखता येत नाही, आणि तुमचा कोळसा तेवढं गरम झाल्यावर सल्फर डायऑक्साइड, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड सगळंच सोडणार, ते सगळं अमोनिया म्हणून मोजलं जाईल आणि तुम्हाला भलामोठा सुंदर पीक मिळेल. पेपरमध्ये असे पीक छापलेले मी स्वतः पाहिलेत. त्याऐवजी म्हणाल्या तुमच्या कॉलेजातच करा, मिठाच्या पाण्यात कॅटॅलिस्ट चोवीस तास ढवळा, सोडियम आत जाईल, सल्फोनिकचं हायड्रोजन बाहेर येईल, गाळा आणि ०.०१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करा. टीपीडीचे पैसे त्यांनी पुढच्या टेस्टला वळते करून दिले. स्वतःचं बिल कमी होईल असा सल्ला देणारी सर्व्हिस मला तरी पहिल्यांदाच भेटली. एक्सआरडीचंही (एक्स-किरणांनी आतली रचना बघायची टेस्ट) तसंच, म्हणाल्या एकदाच करा, कोळशाचे दोन रुंद उंचवटे दिसतील, साधारण २४ आणि ४३ अंशांच्या कोनाला, प्रत्येक बॅचचा परत परत करायची गरज नाही.

टायट्रेशनमध्ये ग्रॅमला १.१ मिलिमोल ॲसिड आलं, आमच्या साध्या ब्युरेटवर, टीवायबीएस्सीच्या दोन मुलींनी रीडिंग घेतली, तिन्ही रीडिंग एकमेकांच्या जवळ.

यानंतरचा भाग मला जास्त मन लावून लिहायचाय, कारण मल्टिडिसिप्लिनरी हा शब्द आपण सगळ्या प्रपोजलमध्ये टाकतो, मीपण टाकलाय, पण तो प्रत्यक्षात काय असतो ते मी इथे पाहिलं.

माझी अडचण अशी होती की कॅटॅलिस्ट पहिल्या रनला मस्त चालायचा, दुसऱ्याला ढिला पडायचा आणि तिसऱ्या रनला फरफ्युरल निम्म्याच्या खाली यायचं. मी करते काय तर बगॅस पाण्यात प्रेशरखाली शिजवते, ते पाणी गाळून घेते, त्यात झायलोज नावाची साखर उतरलेली असते, मग त्या पाण्यात कॅटॅलिस्ट टाकून १७० अंशाला ऑटोक्लेव्हमध्ये ठेवते. झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की फरफ्युरल. ही गोष्ट नवीन नाही, अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२० च्या दशकात ओटच्या टरफलांपासून सल्फ्युरिक ॲसिड घालून फरफ्युरल काढायला सुरुवात केली होती, आणि आज चीनमध्ये मक्याच्या कणसांच्या बुरखुंडांपासून भरपूर निघतं. अडचण त्या पातळ ॲसिडचीच आहे, भांडी खातं, सांडपाण्यात जातं, म्हणून मला गाळून परत वापरता येणारा घन कॅटॅलिस्ट पाहिजे. तो तिसऱ्या रनला मरत असेल तर मग उपयोग काय.

सगळे पेपर सांगतात की गंधक सुटून पाण्यात जातो, लीचिंग. मीपण तेच धरून चालले होते आणि सिनॉप्सिसमध्ये तसं लिहिलंपण होतं.

सेंटरमध्ये दर गुरुवारी दुपारी एक बैठक असते, तिथलेच लोक आपापले प्रॉब्लेम मांडतात आणि महिन्यातून एकदा बाहेरच्यांनाही वेळ देतात. फुकट आहे, नाव नोंदवावं लागतं. मी पहाटेच्या एसटीने निघाले, नव्या आणि वापरलेल्या कॅटॅलिस्टच्या बाटल्या स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून. टेबलाभोवती सहा-सात जण होते आणि मधे चहा. मी पीपीटी सुरू केली, चौथ्या स्लाइडलाच थांबवलं.

आधी मॅडमनी विचारलं की वापरलेल्या कॅटॅलिस्टमध्ये गंधक मोजलाय का. मोजला होता, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि गंधक मोजणारी सीएचएनएस टेस्ट केलेली होती, नव्यात ३.५ टक्के, तीन रननंतर ३.२. आणि टायट्रेशन? नव्यात १.१, तीन रननंतर ०.४. हे दोन्ही आकडे माझ्याच वहीत होते, दोन वेगळ्या पानांवर, मी ते कधी शेजारी शेजारी ठेवले नव्हते. गंधक जवळजवळ जागच्या जागी आहे, मग ॲसिड गेलं कुठे?

फिजिक्सचे सर एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, बघतात. ते म्हणाले वापरलेली बाटली द्या, आज दुपारी मशीन मोकळं आहे. सगळे तसेच उठून खाली गेलो. काळोखी खोली, एसी एवढा की मी पदर अंगाभोवती घेतला, आणि स्क्रीनवर माझा कोळसा, जळलेल्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा, त्यात बगॅसच्या मूळ नळ्यांचा आकार अजून ओळखू येत होता. मग त्यांनी ईडीएक्स मॅपिंग लावलं, एकेक मूलद्रव्य एकेका रंगात. गंधकाचे पिवळे ठिपके सगळीकडे पसरलेले. त्यानंतर एक निळा रंग उमटायला लागला, हळूहळू, ठिपक्या ठिपक्याने, आणि जिथे पिवळं तिथेच निळं. सरांनी वर लेबल वाचलं. पोटॅशियम.

मला वाटलं ॲक्टिव्हेशनमधून राहिलं असेल, बरेच जण कोळशाला पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ॲक्टिव्हेट करतात. पण मी तर फॉस्फोरिक वापरलं होतं. नव्या सॅम्पलचं मॅपिंग केलं, त्यात निळं काही नाही. मग मागून मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम बोलल्या, त्या उसाच्या पाचटावर वाढणाऱ्या बुरशीवर काम करतात, माहेर नीरेकाठचं. म्हणाल्या, अहो ऊस आहे तो, उसाला पोटॅश किती लागतं, शेतकऱ्याला विचारा, रसातून बरंच जातं पण बगॅसमध्ये उरतंच, आणि तुम्ही बगॅस शिजवलात की ते पाण्यात उतरणार. माझे वडील ऊस लावतात. पोटॅशची पोती मी लहानपणापासून बघतेय. आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग सगळं जुळलं. टायट्रेशनसाठी आपण मिठाचं पाणी घालतो तेव्हा सोडियम आत जातो आणि हायड्रोजन बाहेर येतो, तेच ऑटोक्लेव्हमध्ये पोटॅशियम करत होतं, प्रत्येक रनला थोडं थोडं. सल्फोनिक गट जागेवरच, फक्त त्यांचं ॲसिड मारलं गेलेलं.

केमिकल इंजिनिअरिंगचे सर तरी म्हणाले की एवढ्यावर मानू नका, दोन गोष्टी करून बघा. एक, वापरलेला कॅटॅलिस्ट पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये ढवळून, धुवून परत टायट्रेट करा, पोटॅशियम असेल तर ॲसिड परत येईल, गंधक गेला असेल तर येणार नाही. दोन, बाटलीतली शुद्ध झायलोज घेऊन पाच रन करा, त्यात पोटॅशियम नसतं. आणि वर विचारलं की ढवळता किती आरपीएमवर, मी म्हटलं ३००, तर म्हणाले ६०० ला आणि ९०० ला पण करा, आकडा बदलला तर तुम्ही कॅटॅलिस्टचा वेग मोजतच नाही आहात, झायलोज कॅटॅलिस्टपर्यंत पोचायचा वेग मोजताय. केमिस्ट्रीवाल्यांच्या डोक्यात हा प्रश्न सहसा येत नाही, निदान माझ्या आला नव्हता.

तीन आठवडे लागले. धुतल्यावर ॲसिड ०.४ वरून ०.९ वर आलं. उरलेलं काळं चिकट ह्युमिन बसून भोकं बुजल्यामुळे आणि थोडं खरोखरच गंधक सुटल्यामुळे, असं आता धरतोय. शुद्ध झायलोजवर पाच रननंतरही कॅटॅलिस्ट फार पडला नाही. आता मी बगॅस शिजवायच्या आधी कोमट पातळ ॲसिडने धुऊन घेते आणि पाचवा रनसुद्धा बरा येतो. सिनॉप्सिसमधलं ते लीचिंगचं वाक्य बदललं, गाईड सर स्वतः म्हणाले बदल.

त्या दिवशी एसईएमच्या खोलीत फिजिक्सच्या सरांनी अजून एक गोष्ट सांगितली जी मी आता वर्गात सांगते. हेच पोटॅशियम अमोनियाच्या कारखान्यातल्या लोखंडाच्या कॅटॅलिस्टमध्ये मुद्दाम घालतात, तिथे ते मदत करतं, नायट्रोजनचा रेणू लोखंडावर धरून तोडायला सोपं जातं. ते नेमकं कसं होतं हे गेरहार्ड एर्टल यांनी स्वच्छ लोखंडाच्या स्फटिकांवर अभ्यासून दाखवलं, त्यांना २००७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं आणि त्यांचं मूळ शिक्षण फिजिक्सचं. २०१८ च्या नोबेलवाल्या फ्रान्सिस अर्नॉल्ड, ज्यांनी एन्झाइमना प्रयोगशाळेत उत्क्रांत करून नवे कॅटॅलिस्ट बनवले, त्यांची पहिली डिग्री मेकॅनिकल आणि एरोस्पेस इंजिनिअरिंगची. आमच्याकडे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षालाच मुलं म्हणतात मॅडम तो फिजिक्सचा भाग आहे, आम्हाला नाही लागत. लागतो रे बाळांनो.

आता जे खटकलं ते पण लिहिते, नाहीतर रिव्ह्यू अर्धवट राहील. वेळ लागतो, फार लागतो. बीईटीला मला एकदा पाच आठवडे थांबावं लागलं कारण लिक्विड नायट्रोजनचा पुरवठा बंद होता, आणि ते त्यांनी मी फोन केल्यावर सांगितलं, आधी एक मेसेज टाकला असता तर मी दुसरीकडे पाठवलं असतं. टीईएम या दुसऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची रांग तर याहून लांब, थिसिस सबमिशन जवळ आलं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. पैसे भरायची पद्धत भयंकर आहे, ऑनलाइन भरल्यावर पावतीची प्रिंट काढून, त्यावर प्राचार्यांचा सही-शिक्का घेऊन सॅम्पलसोबत पाठवावी लागते, शिक्का पुसट आला म्हणून माझं एक पार्सल तीन दिवस ऑफिसात पडून होतं, आणि पावसाळ्यात कोळसा तीन दिवस उघड्या टेबलावर म्हणजे तो हवेतलं पाणी पिऊन बसतो. तेव्हापासून मी बाटलीच्या झाकणाला टेप मारते आणि बाहेरच्या पिशवीत सिलिका जेल टाकते. तुम्हीपण टाका.

डेटा पहिल्यांदा पीडीएफमध्येच देतात. रॉ डेटा मागितला की देतात, पण मागावा लागतो, आणि तो मागाच, कारण रिव्ह्यूअर विचारतात आणि वर्षभरानंतर तो मिळेलच असं नाही. पेनड्राइव्ह लावू देत नाहीत, व्हायरसमुळे, ईमेलवर येतो. ऑफिस आणि मशीनवरची माणसं यांच्यात काही बोलणं होत नाही असं वाटतं, मॅडम जेवढ्या आपुलकीने बोलतात तेवढंच खिडकीवर कोरडं उत्तर मिळतं. शनिवारी बंद, आणि आमच्यासारख्या नोकरीवाल्यांना शनिवारच सोयीचा असतो.

रेट खाजगी लॅबपेक्षा थोडा कमी आहे, कॉलेजवाल्यांना वेगळा आणि कंपन्यांना त्याच्या कितीतरी पट, वर जीएसटी. पण एसटीचा खर्च, एक रजा, वाट बघण्याचे आठवडे हे धरलं तर स्वस्त म्हणता येणार नाही. ज्याला रोजचं ठरलेलं सॅम्पल, ठरलेली टेस्ट, पटकन आकडा पाहिजे, म्हणजे एखाद्या कंपनीचं क्वालिटी कंट्रोल, त्याने चांगली खाजगी लॅब बघावी, फक्त डीगॅसचं तापमान फॉर्मवर स्वतः लिहून द्यावं, कोणी विचारो न विचारो. ज्याचं सॅम्पल नवीन आहे, ज्याला स्वतःलाच अजून माहीत नाही की हातात काय आलंय, त्याने इथे जावं. पाचपैकी चार स्टार देते, एक ऑफिसच्या खिडकीसाठी कापला.

शेवटच्या पानावरचा तो मोठा चौकोन रिकामा सोडू नका. मी आता तिथे पूर्ण पानभर लिहिते, मराठी-इंग्रजी मिसळून, मॅडम म्हणाल्या चालतं. कालच पुढच्या लॉटचा फॉर्म भरला, त्यात लिहिलंय: बगॅस या वेळी हार्वेस्टरने तोडलेल्या उसाचा आहे, त्यात माती जास्त आहे, त्यामुळे पोटॅशियमसोबत कॅल्शियम आणि लोखंडपण बघा, आणि सॅम्पल १२० अंशाच्या वर नेऊ नका.